शंभर टक्के चरबी

फुशारकी मारायची म्हणून सांगत नाही, पण माणसाची पाठ माझ्याइतकी कुणी पाहिलेली नसेल! डॉक्टरांनीसुद्धा नाही. डॉक्टरकडे माणूस आजारी पडला की जातो. माझ्याकडे धडधाकट असताना येतो, ताठ उभा राहतो, श्वास रोखून पोट आत घेतो आणि मला फसवायला बघतो. एकतीस वर्षं मी शिंपीकाम करतोय. कुणाचा डावा खांदा खाली आहे, कुणाला हळूहळू पोक येतंय, कुणाची कंबर त्याने स्वतः सांगितलेल्या मापाच्या तीन इंच पुढे गेलीय, हे सगळं माझ्या मापांच्या वहीत आहे. ती वही बाहेर पडली तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना तोंड लपवावं लागेल.

आणि गाठी! गाठी ओळखण्यात तर माझा हात धरणारा कुणी नव्हता. कातडीखाली चरबीच्या गाठी पुष्कळांना असतात. खांद्यावर, पाठीवर, दंडावर. ज्याची त्यालाच माहीत नसते, टेप फिरवताना माझ्या बोटाला लागते. मग मी परीक्षा घ्यायचो. दाबली तर मऊ लागते का? बोटाने ढकलली तर कातडीखाली सरकते का? दाबल्यावर माणूस ‘आई गं’ म्हणतो का? आणि किती वर्षं आहे, वाढलीय का तेवढीच आहे? मऊ असली, सरकली, दुखली नाही आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहिली की निकाल जाहीर. चरबी! घरी जा, जेवा, झोपा! हे ज्ञान मला एका कंपाउंडरने दिलं होतं, फार वर्षांपूर्वी, शर्टाचं माप देता देता. त्यानंतर मी एकट्याने निदान अकरा गाठी निकालात काढल्या होत्या.

“बोर्डच लावा ना बाहेर,” बायको म्हणायची. “येथे गाठी तपासून मिळतील. ट्रायल चार दिवसांनी.”

बायको दुकानात काजं करते आणि टोमणे मारते. दोन्ही बारीक आणि पक्के.

माझ्या टेपबद्दलही इथेच सांगून टाकतो. दुकानात मशीन बदललं, इस्त्री बदलली, आरसा दोनदा फुटला, टेप मात्र पहिल्या दिवसापासून तोच. त्याच्या टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडली. मग टोकाचे दोरे सुटायला लागले, म्हणून मी पहिला अर्धा इंच कात्रीने कापूनच टाकला. तेव्हापासून टेप जे दाखवेल त्यातून अर्धा इंच वजा करायचा. सुरुवातीला मनातल्या मनात करायचो, आता मनालाही कळत नाही. टेपवर साडेपंधरा दिसतात, तोंडातून पंधरा निघतात. बायकोला तो टेप बघवत नसे. “किती कळकटलाय! नवा घ्या की!” अर्ध्या इंचाचं तिला मी कधी बोललो नव्हतो. धंद्यातली गुपितं बायकोला सांगितली की मग ती गुपितं राहत नाहीत आणि आपण मास्तर राहत नाही.

तर गेल्या वर्षी कॉलेजचे ग्रंथपाल कोट शिवायला आले. उंच, किडकिडीत, आणि बोलणं इतकं हळू, जणू माझ्या मशीनशेजारी कुणीतरी परीक्षेचा अभ्यास करत बसलंय. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. निरोपाचा समारंभ होता.

“मास्तर, आयुष्यातला पहिला कोट आहे,” ते म्हणाले. “बहुतेक शेवटचाही. तेवढा नीट होऊ द्या.”

पाठीवर टेप धरला आणि उजव्या खांद्यामागे बोटाला लागली. लिंबाएवढी!

“साहेब, ही केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

झालं! माणूस पांढराफटक पडला. त्या बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. मी लगेच दाबून बघितली. मऊ. ढकलली, सरकली. “दुखतं?” नाही म्हणाले. चौथा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, कारण गाठच त्यांना आत्ता कळलेली. तो मी सोडून दिला.

“चरबी आहे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“शंभर टक्के!”

“डॉक्टरांना दाखवू का?”

“कशाला त्या रांगेत ताटकळत बसताय? मी आहे ना! कोटाच्या पाठीत गाठीपुरती जागा ठेवतो.”

ते गेले. मी कोटाला बसलो. त्या गाठीसाठी पाठीत अशी जागा ठेवली की घालणाऱ्याला ताण पडू नये आणि बघणाऱ्याला पत्ता लागू नये. ग्रंथपाल ट्रायलला आले नाहीत. समारंभाच्या गडबडीत असतील म्हणून मी मापावर भरवसा ठेवून कोट पुरा केला. माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला कोट! महिनाअखेर आली. गेली. कोट न्यायला कुणी आलं नाही.

फोन केला, लागला नाही. आठवड्याने केला, लागला नाही. पत्ता वहीत होता, एका सकाळी सहज म्हणून त्या बाजूला जाऊन आलो. दाराला कुलूप. पायरीवरच्या कुंड्यांमधली झाडं वाळून काड्या झालेली. शेजारी विचारायचं धाडस झालं नाही. आलो तसा परत फिरलो.

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली. कोट आरशाशेजारी हँगरला होता. कुणीही माप द्यायला उभं राहिलं की त्याच्या मागे आरशात तो कोट दिसायचा, पाठीत थोडा फुगलेला. स्वतःचा निरोपसमारंभ माणूस कशामुळे चुकवतो? फार कारणं नसतात हो! आणि त्या माणसाने डॉक्टरकडे जाऊ का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. मी, ज्याला शाळेत शरीरशास्त्रात सात वेळा नापास... असो. गाठी तपासणं मी बंद केलं. हे सगळं बायकोला सांगितलं नाही. तिने कोट दोनदा झटकून परत लावला आणि काही विचारलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझ्या डाव्या दंडावर गाठ आहे. पाच वर्षं. मऊ, सरकणारी, न दुखणारी, दोन इंची. गिऱ्हाइकांना मी तिचा नमुना दाखवायचो! बाही वर करून म्हणायचो, “ही बघा, ही अशी असली की घाबरायचं नाही.” कोट लटकायला लागल्यापासून मात्र मी ती दर रविवारी दार लावून मोजायला लागलो. दोन इंच. दोन इंच. दोन इंच. जरा धीर यायचा.

मग एका शनिवारी इस्त्रीने उजव्या हाताची दोन बोटं भाजली. पट्टी बांधलेली. रविवारी टेप धरता येईना. नाइलाजाने बायकोला हाक मारली.

“जरा ही मोज गं. सहज.”

तिने माझ्या गळ्यातला टेप ओढला, दंडावर ठेवला, चष्मा वर-खाली केला.

“अडीच.”

“नीट बघ!”

“अहो नीटच बघतेय. अडीच. इकडून धरा, तिकडून धरा, अडीच!”

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, माझी तर मशीनसकट सरकली! आठ दिवसांत अर्धा इंच! मी लगेच बाकीच्या परीक्षा घेतल्या. भाजलेल्या हाताने घाबरून दाबली, तर दंड आपोआप आवळला गेला आणि गाठ कडक लागली. कडक! ढकलली, सरकेना. म्हणून जोराने ढकलली. दुपारपर्यंत इतक्यांदा ढकलली की ती दुखायला लागली. संध्याकाळी हिशेब साफ होता. कडक आहे, सरकत नाही, दुखते, वाढतेय. माझ्याच परीक्षेत मी चारही विषयांत नापास.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” बायको म्हणाली. “उद्या डॉक्टरकडे चला.”

“बघू.”

बघू म्हणजे नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. मी का गेलो नाही? कारण मला भीती वाटत होती. डॉक्टरने काही सांगेपर्यंत मी गाठ असलेला शिंपी होतो. सांगितल्यावर कोण झालो असतो कुणास ठाऊक. आणि खरं सांगू? मनातून वाटत होतं की हे असंच व्हायला हवं. त्या माणसाला मी ज्या तोंडाने शंभर टक्के म्हटलं, त्याच तोंडाने आता स्वतःला काय सांगू?

बायकोने फक्त समोरच्या इस्त्रीवालीला सांगितलं. फक्त तिलाच! बुधवारपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. लोक मोठ्या मायेने भेटायला यायला लागले. पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. स्टुलावर बसल्या, उसासा टाकला.

“मास्तर, कामाचा ताण अजिबात घेऊ नका.”

“नाही घेत, बाई.”

“विश्रांती घ्या. पोटभर जेवा. सगळं ठीक होईल.” मग इकडे तिकडे बघून, आवाज उतरवून, “माझं ते निळं कापड... कापलं नसेल ना अजून?”

“नाही.”

“मग देता का? तुमच्यावर ओझं नको.”

दोन दिवसांत नऊ जणांनी माझ्यावरचं ओझं उतरवलं. फळी रिकामी झाली. एकाने तर अर्धी विजार नेली, एक पाय शिवलेला, दुसरा नुसता खडूने आखलेला! गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती “दादा” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिला गप्प करता करता मीही रडलो. शेवटी तिनेच मला समजावलं.

शुक्रवारी मी बायकोला मशीनची बॉबिन अडकली तर काय करायचं ते दाखवलं. डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायचं, चाक उलटं फिरवायचं. मोठी कात्री धार लावायला कुणाकडे द्यायची आणि कुणाकडे मेलं तरी द्यायची नाही, तेही सांगितलं. ती ऐकत होती. एकही टोमणा नाही. नुसती मान हलवत होती, काज करत होती, आणि काजाचे टाके वेडेवाकडे पडत होते. तिच्या हातचं वेडंवाकडं काज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हा मी खरा घाबरलो.

“चल,” मी म्हटलं.

“कुठे?”

“डॉक्टरकडे.”

तिने सुई कापडातच टोचून ठेवली आणि चपला घातल्या. दुकानाला कुलूपसुद्धा मीच लावलं. ती तोवर कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

दवाखान्यात हिरव्या बाकावर दीड तास बसलो. समोर भिंतीवर माणसाच्या आतलं सगळं दाखवणारं चित्र होतं. मी त्या माणसाच्या खांद्यांची रुंदी मनात मोजत बसलो, दुसरं काही सुचत नव्हतं. बायकोने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली होती, मी पळून जाईन म्हणून. जाणारच होतो.

सर्जनबाई तरुण होत्या, शांत होत्या. बाही वर करून त्यांनी गाठ दाबली. बोटाने ढकलली. “दुखतंय?” मला हसू येईना की रडू! तीच परीक्षा, तेच प्रश्न, फक्त बोटं थंडगार.

“आठवडाभर सारखी दाबताय का तुम्ही ही?”

“थोडी.”

“दिवसभर,” बायको म्हणाली.

“म्हणून हुळहुळतेय. हात सैल सोडा. सोडा... आणखी. हं, मऊच आहे. सरकतेय. किती वर्षं आहे?”

“पाच.”

“वाढलीय?”

बायकोने घसा खाकरला. “आठ दिवसांत दोनाची अडीच इंच झाली हो!”

बाई पहिल्यांदाच गंभीर झाल्या. टेबलावरची पारदर्शक पट्टी घेऊन त्यांनी मोजलं. एकदा, मग आडवं धरून परत.

“पाच सेंटीमीटर. म्हणजे दोन इंच.”

“शक्यच नाही!” बायको उठून उभी राहिली. “मी स्वतः मोजलीय. याच टेपने!” आणि तिने माझ्या गळ्यातला टेप खेचून दंडावर धरला. “हे बघा! अडीच!”

मी टेपच्या टोकाकडे बघितलं. टोकाला छापलेला पहिला आकडा एक होता, आणि तो काठापासून अर्ध्याच इंचावर होता. मला कुणीतरी थंड पाण्याच्या टाकीतून बाहेर काढावं तसं झालं.

“अगं,” मी म्हटलं, “त्यातून अर्धा वजा करायचा असतो.”

“काय?”

“टेपचा पहिला अर्धा इंच नाहीये. मी कापलाय. मी नेहमी वजा करतो.”

“केव्हापासून?”

“बावीस-तेवीस वर्षं झाली.”

खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या बाकावरचा माणूस आत डोकावून गेला. बायकोने टेप हळूहळू गुंडाळला. घडी नाही, गुंडाळी. मग तो तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो उचलण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

बाईंनी सोनोग्राफी करायला लावली. गाठ एवढ्या आकाराची असली की आतून बघून घेतलेलं बरं, म्हणाल्या. दुपारी रिपोर्ट आला. चरबीच. साधी, निरुपद्रवी. काढायची तर काढू, नाहीतर राहू दे; पण खरोखर वाढली, कडक झाली किंवा आपोआप दुखायला लागली तर यायचं.

“म्हणजे शंभर टक्के काही नाही ना?” मी विचारलं.

“रिपोर्ट बघून सांगतेय मी,” बाई म्हणाल्या. “नुसत्या बोटांनी शंभर टक्के मी कधीच म्हणत नाही.”

साधंच बोलल्या त्या. पण मला ते सुईसारखं लागलं. मी जिवंत होतो, माझं काही बिघडलं नव्हतं, आणि बाहेर येऊन पायरीवर मी मटकन बसलो. तिथेच बायकोला ग्रंथपालांचं सगळं सांगितलं. लिंबाएवढी गाठ, शंभर टक्के, कुलूप, वाळलेल्या कुंड्या. सगळं. तिने ऐकून घेतलं.

“उद्या कोट घेऊन जायचं,” ती म्हणाली. “घरात जे कुणी असेल त्यांना द्यायचा. आणि जे झालं ते सांगायचं.”

“मारतील.”

“मग मार खायचा. मी येते बरोबर.”

रात्रभर मी छताकडे बघत शब्द जुळवले. सकाळी कोट घडी करून हातावर घेतला, एखादं तान्हं मूल न्यावं तसा. दाराला कुलूप नव्हतं. कुंड्यांत नवी रोपं होती. नवीन भाडेकरू! बायकोने बेल दाबली. दार उघडलं.

ग्रंथपालांनी स्वतः.

“मास्तर?” ते हळूच म्हणाले.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी कोटासकट त्यांना मिठी मारली! आणि मिठीत असताना, सवय हो, माझी बोटं आपोआप उजव्या खांद्यामागे गेली. सपाट. गाठ नव्हती!

“काढली,” ग्रंथपाल म्हणाले. “तुम्ही शंभर टक्के म्हणालात ना, तेव्हाच मला शंका आली. इतकी खात्री मी पुस्तकांतही कधी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आठवड्यात काढून टाकली, तपासायला पाठवली.”

“आणि?”

“चरबीच होती. तुम्ही बरोबर होता.”

मी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

“मग कोट? समारंभ? फोन?”

“फोन कॉलेजचा होता, निवृत्तीबरोबर तोही गेला. समारंभ झाल्यावर मुलीकडे गेलो, परवाच आलो. आणि कोट...” त्यांचा आवाज आणखी खाली गेला. “तुम्ही पाठीत गाठीपुरती जागा ठेवतो म्हणाला होता. गाठच नाही म्हटल्यावर तो मला बसणार कसा? तुम्हाला सांगायचं जिवावर आलं. म्हणून मग मी... रेडीमेड घेतला.”

रेडीमेड! माझ्या मनात पाच महिने मेलेला माणूस माझ्यासमोर उभा राहून मला रेडीमेड म्हणत होता! तरीसुद्धा सांगतो, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्यांनी तो कोट आणून घालून दाखवला. मी मागे जाऊन पाठ बघितली. एक सुरकुती नाही. मग माझा घालायला लावला. खांद्यामागे मोकळी पिशवी लोंबत होती. एक लिंबू आरामात राहिलं असतं. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. आठवडाभराने हसत होती, म्हणून मीही चालवून घेतलं.

“आलाच आहात तर एक विचारू?” ग्रंथपाल म्हणाले. “या रेडीमेडच्या बाह्या जरा लांब आहेत. उद्या रविवारी माझा सत्कार आहे वाचनालयात. करून द्याल?”

“नक्की?” मी विचारलं.

“तुमच्यावर विश्वास आहे.”

परत येताना बायकोने नवाकोरा टेप घेऊन माझ्या गळ्यात घातला. टोकाला पितळी पट्टी, पहिला इंच अख्खा. दुकानात बसलो, वहीतलं ग्रंथपालांच्या हाताचं माप समोर ठेवलं, नव्या टेपने बाहीवर खूण केली, कापली, आतून दुमडली, टाके घातले, इस्त्री केली. काम कसं सुरेख झालं! मग ताडून बघायला परत टेप लावला.

बावीस-तेवीस वर्षांची सवय. हाताने अर्धा इंच वजा केला होता. बाह्या तेवढ्या आखूड!

तो रेडीमेड कोट आता आरशाशेजारी हँगरला आहे. उद्या रविवार. पाच महिने मी ज्या माणसाची वाट बघितली, तो उद्या तेवढा यायला नको, असं मला मनापासून वाटतंय.